बॅटरीच्या पाण्यातलं वरण

"आमचे हे सांगत होते, त्या पाण्याले कंपनीत ॲसिड..." एवढं बोलून शेजारच्या मंदानं मिक्सर सुरू केला. आता सांगा, भिंतीला कान लावलेल्या बाईनं काय समजायचं?

मंदाचे यजमान सुनीलभाऊ कंपनीत बॉयलरसाठी पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर असतात. आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला त्यांनीच त्या पाण्याची एक कॅन आणून दिली होती. आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात डाळ काही शिजत नाही, म्हणून मी त्यातलं तांब्याभर कुकरला लावलं. डाळ लोण्यासारखी शिजली, आणि सासूबाई दुसऱ्यांदा वरण घेऊन बसल्या होत्या!

मी तशीच पळत गेले. "भाऊ, त्या पाण्याचं वरण केलं मी. आमची म्हातारी वाचंल ना हो?"

सुनीलभाऊ हातातली भाकर ठेवून आले. त्यांनी वाटीभर वरण घेतलं आणि भुरकलं.

सासूबाई तडकल्या, "काऊन बे सुनील, माह्यं वरण काऊन संपवून राह्यला?"

मग ते माझ्याकडं वळले. "वहिनी, ॲसिड हाय. पण ते पाण्यातले क्षार धरणारे मणी धुवाले लागते. मणी धुतले का ते वाहून जाते, मंग चांगलं पाणी येते. तरी स्वयंपाकाले नका घेऊ, हे बॅटरीचं हाय."

म्हणजे ॲसिडाची बातमी खरी होती, फक्त ते आमच्या डाळीत नव्हतं. पण समजावत बसण्याआधी त्या माणसानं वाटी तोंडाला लावली, त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.