काढून टाकलेली दांडी

जनावरांच्या डॉक्टरकडे बाई मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी घोडे शिकवणारे दोघे बोलत होते, एक म्हातारा, एक तरुण.

“मास्तर, शिंगरू तीन वर्षांचं झालं. उडी अजून शिकवली नाही.”

“बरं केलंस. आधी गुडघे पक्के होऊ देत. त्याच्या बहिणीला मी घाई केली, ती उडीच्या दांडीला अडकून पडली, जिवानिशी गेली.”

“पण मोकळ्या मैदानात ते रोज एकाच जागी उडी मारतं.”

“कुठे?”

“तुम्ही दांडी काढून टाकलीत, तिथेच.”

“अरे, ती गेली तेव्हा हे पोटातही नव्हतं!”

“उडी मारून ते मागे वळतं, वाट बघत थांबतं. मग तिथली माती पुन्हा उडते.”

“कुणी पडल्यासारखी?”

“नाही, मास्तर. आता ती चारही पायांवर नीट उतरते.”

बाईंनी टोपली छातीशी धरली.