एकही आमेन नाही

आजच्या सभेचे अध्यक्ष डीकन ब्रॉडनॅक्स, मंडळीच्या वडीलधाऱ्या मदर ओझेला, निरोप घेणारे आपले पाळक रेव्हरंड गेन्स, आणि माउंट नीबो चर्चच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला बजावलंय, "व्हर्नेल, पाच मिनिटं बोल आणि गोड बोल." प्रयत्न करते.

सव्वीस वर्षं मी या दारात पांढरे हातमोजे घालून, येणाऱ्यांना जागा दाखवत उभी राहते. माझा हात वर झाला की तुम्ही उठता, खाली झाला की गप्प बसता. रेव्हरंड आले तेव्हा मदर ओझेला म्हणाल्या होत्या, "पोरगा काटकुळा आहे, पण प्रार्थना दणकट करतो." हसता काय, म्हणाल्या होत्या! माझा नवरा गेला तेव्हा हा माणूस तीन दिवस माझ्या स्वयंपाकघरात बसून होता.

आणि मी काय केलं? मार्चमधल्या त्या रविवारी बाप्तिस्म्याच्या हौदात नळाचं पाणी तांबूस आलं. रेव्हरंडांनी बरणी भरून व्यासपीठावर ठेवली. म्हणाले, "यात मी लेकरं बुडवणार नाही. गोऱ्यांच्या वस्तीत नवे पाइप पडतात, आपल्या काळ्यांच्या वस्तीत का नाही? मंगळवारी नगरपालिकेत माझ्याबरोबर कोण येणार?"

माझी लेक नगरपालिकेत कामाला. तिची नोकरी जाईल म्हणून मी घाबरले. मनात म्हटलं, तुम्ही आत्म्याचं बघा, पाइपांचं प्लंबर बघेल. आणि पुढच्या बाकावरच्या जुन्या मंडळींकडे बघून हात खाली केला.

आपल्या चर्चमध्ये पाळक बोलतो आणि उत्तर येत नाही, असं कधी झालंय? त्या दिवशी एकही 'आमेन' आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "कुणी आहे का?" पंख्याने वारा घेणारे हातसुद्धा थांबले होते. मंगळवारी ते एकटेच गेले. मग राजीनामा दिला. म्हणाले, मंडळीला मी नको आहे.

मंडळीला नाही हो, रेव्हरंड. मला. आज माझ्या पाच वर्षांच्या नातीच्या रक्तात शिसं सापडलंय. तिला ते पाणी मीच पाजलं. आता गुडघे टेकले की प्रार्थना सुचत नाही, तुमचाच प्रश्न ऐकू येतो.

जेवण रांधणाऱ्या भगिनींचे आभार. बोलताना काही चुकलं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. मी त्या दिवशी बोलले नाही, त्याची क्षमा मागते. हे हातमोजे इथे काढून ठेवले.

परवा मंगळवार आहे. रेव्हरंड, जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, पुन्हा विचारा, "कुणी आहे का?" माझं उत्तर आत्ताच घ्या:

आमेन.

पुढच्या बाकावरच्यांनो, माझा हात आता खाली नाही. बोला की!