कडूबांचं बेअरिंग

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय माणिकरावजी, व्यासपीठावरील संचालक मंडळी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आपले कडूबा, आणि साखरखेर्ड्याच्या माता-भगिनींनो, बंधूंनो,

आपल्या जिनिंग सोसायटीची मोटार इतकी चालली आहे, की तिच्या मैलांचा आकडा एकदा शून्यावर येऊन पुन्हा वाढायला लागला. ती आजवर कोणी चालवली हे का मी सांगायला पाहिजे? पण कडूबांचे गुण सांगण्याआधी त्यांची एक चूक सांगतो. ते हसताहेत, म्हणजे परवानगी आहे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या सालची गोष्ट; मी तेव्हा सोसायटीचा मॅनेजर होतो. मोटारीचं पुढचं उजवं चाक घुरघुरायला लागलं. कडूबा पडले बैलगाडीवाल्याच्या घरचे. चाक बोललं की वंगण द्यायचं, ही त्यांच्या वाडवडिलांची रीत. त्यांनी चाकाची टोपी काढली आणि बैलगाडीचं काळं वंगण, एरंडेल आणि काजळी, आत ओतलं! चाक गप्प झालं. आम्हीही शाबासकी दिली.

त्याच आठवड्यात माझ्या पत्नीला, शकुंतलेला, कळा सुरू झाल्या. सुईण सिंधूताई म्हणाल्या, "मूल आडवं हाय, जालन्याले न्या." आम्ही मोटारीतून निघालो. सिंदखेडराजा मागं पडलं आणि चाक पुन्हा बोलायला लागलं. डावं वळण आलं, भार उजव्या चाकावर गेला, की आवाज वाढायचा. कडूबांनी मोटार थांबवली. चाकाच्या मध्यभागी हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. जॅक लावून चाक वर-खाली हलवलं, तर ते खिळखिळं!

"साहेब, बेअरिंग गेलं. चाक निखळलं तं जीव जातीन. मी नाही नेत."

मी काय बोललो ते माता-भगिनींसमोर सांगण्यासारखं नाही. आत शकुंतला कण्हत होती. कडूबा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि जालन्याची एस.टी. त्यांनी अडवली. कंडक्टर ओरडला, "मरतं का बे?" कडूबा हात जोडून सगळ्या गाडीसमोर म्हणाले, "माह्या वंगणानं घात केला, भाऊ. या माऊलीले जागा द्या." मागचं अख्खं बाक रिकामं झालं, मंडळी! जालन्याला माझी प्रतिमा जन्मली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर दोघींची आशा नव्हती.

कडूबांनी जालन्याहून नवं बेअरिंग मागवलं. आमचे फिटर वैजनाथ म्हणाले, बेअरिंग बसतं ती बाहेरची कडी जुनीच राहू द्या. कडूबा म्हणाले, "आता अर्धवट काम नाही." कडीही बदलली, वंगण पुसून काढलं, मोटारीचं ग्रीस भरलं आणि चाक हातानं फिरवून कान देऊन ऐकलं. पाचवीच्या दिवशी त्याच मोटारीतून त्यांनी आम्हांला घरी आणलं. माझ्या सासूबाई सत्यभामाबाई बाळाच्या उशाशी विळा ठेवत होत्या. कडूबांनी खिशातून ते झिजलेलं बेअरिंग काढलं. "माय, विळ्यासंगं हेही ठेवा. लोखंडच हाय. लई तरास देला यानं, आता राखण करू द्या."

ते आजवर आमच्या देवघरात होतं.

कडूबा, तुम्ही त्या दिवशी माझं ऐकलं नाही, म्हणून मी आज बाप आहे. याहून मोठे शब्द माझ्यापाशी नाहीत. तुमची पुष्पा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. शाल-नारळ अध्यक्ष देतीलच. प्रतिमा, ये बेटा, ते बेअरिंग या होणाऱ्या आजोबांच्या हातात दे. पाचवीला नातवंडाच्या उशाशी ठेवा, कडूबा.

अन् वेळ आलीच, तर मोटार तुमच्या दारात उभी राहील. नवा ड्रायव्हर उद्धव ती चालवेल. तुम्ही मागं बसायचं, पुष्पाचा हात धरून. चाकाकडे कान द्यालच, ते आम्ही कसं थांबवणार?

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर आपण पोटात घाला. वंगणाची गोष्ट चारचौघांत काढली, तिची माफी मात्र कडूबांनीच द्यावी.