पहिल्या दाबाला कोणता उजेड

उझमा: फुल. पहिल्या दाबाला फुल. रबाळ्यापासून उलव्यापर्यंत कुठल्याही दुकानदाराला विचार. भर दुपारी, ट्यूबलाइटखाली गिऱ्हाईक बटण दाबणार, तुझा तो मंद उजेड लागणार आणि तो म्हणणार, बंद आहे वाटतं.

अश्विन: दुसऱ्या दाबाला वाढतो ना, मॅडम.

उझमा: दुसरा दाब देतंय कोण? तोवर तो बाजूचं नेलकटर बघायला लागलेला असतो.

अश्विन: दुकानात एकदाच दाबतात. घरात रोज दाबतात.

उझमा: डायलॉग नको मारू यार. अंगठ्याएवढी टॉर्च, किल्लीच्या कड्याला लावायची. बटण एक, उजेड तीन. मंद, मधला, फुल. नुसता क्रम ठरवायचाय, आणि तू तीन आठवडे त्याच्यावर अंडी उबवत बसलायस. पाच वाजता कारखान्याला फायनल जायला पाहिजे. सहा नमुने वाटले होते ना वापरायला? काय म्हणतात लोक?

अश्विन: पाच फॉर्म आलेत. तिघांना फुल आधी हवाय, दोघांना मंद. सहावा राहिलाय.

उझमा: सहावा कोणाकडे?

अश्विन: संघप्रियाकडे.

उझमा: तुझ्या बायकोकडे? ती घणसोली गावात वेगळी राहते ना आता?

अश्विन: नमुना तिच्या किल्ल्यांना होता. गेली तेव्हा तसाच गेला. आज सकाळी कुरिअरने आला.

उझमा: मग आतला आकडा वाचलास की नाही? कोणता उजेड किती वेळा लावला, ते त्या चिपमध्ये मोजलं जातं म्हणून मला एवढं ऐकवलं होतंस.

अश्विन: वाचला. मधला बारा वेळा. फुल एकदा. मंद तीनशे एकाहत्तर.

उझमा: बापरे. आणि ती गेली तेव्हा?

अश्विन: मंद एकशे चाळीस. मी दर रविवारी बघायचो.

उझमा: म्हणजे तिकडे गेल्यावरसुद्धा सव्वादोनशेच्या वर! बघ, तुझंच खरं निघालं. मी हरले, जा. मंद आधी. आता तोंड का पाडलंस?

अश्विन: ती एकटी राहते, असं सांगितलेलं तिने.

उझमा: मग?

अश्विन: मंद उजेड कशासाठी ठेवलाय आपण, मॅडम?

उझमा: बाजूला कोणी झोपलं असेल तर त्याची झोप मोडू नये म्हणून... अरे.

अश्विन: हां.

उझमा: अरे बाबा. तसं काही नसेल.

अश्विन: मी कुठे काय म्हणालो.

उझमा: फोन कर तिला. फॉर्म भरायचाच आहे ना? मी खाली टेम्पो बघते. पण पाच म्हणजे पाच.

(फोन.)

संघप्रिया: बोल. मिळालं का कुरिअर?

अश्विन: मिळालं. झोपली होतीस का?

संघप्रिया: साडेचार वाजता? ड्यूटीवरून येऊन, जेवून, झोपून उठलेसुद्धा. काय काम काढलंस?

अश्विन: फॉर्म भरायचाय. नमुन्याचा. चौदा प्रश्न आहेत.

संघप्रिया: आठ महिन्यांनी फोन केलास, अन् फॉर्म?

अश्विन: प्रश्न एक. टॉर्च कशाला लावली होती?

संघप्रिया: किल्ल्यांना. तूच लावून दिली होतीस.

अश्विन: टॉर्चबरोबर कडं आलं, पण आपल्या नेरूळच्या घराची किल्ली त्यात नव्हती.

संघप्रिया: काढून ठेवली. आहे माझ्याकडे. हा दुसरा प्रश्न होता का?

अश्विन: नाही. प्रश्न दोन. ओल्या हाताने बटण दाबता येतं का?

संघप्रिया: येतं. निसटतं जरा.

अश्विन: प्रश्न तीन. दाबताना आवाज येतो का?

संघप्रिया: टिक असा. सगळं शांत असलं की लई मोठा वाटतो. नेरूळला असताना मी ओढणीत गुंडाळून दाबायची.

अश्विन: माहीत आहे.

संघप्रिया: तुला कसं माहीत? तू तर घोरत असायचास.

अश्विन: प्रश्न चार. सगळ्यात जास्त कोणता उजेड वापरला?

संघप्रिया: बारीक.

अश्विन: हो. तीनशे एकाहत्तर वेळा.

संघप्रिया: काय? मोजत होतास?

अश्विन: टॉर्च मोजते. सगळे नमुने मोजतात.

संघप्रिया: अन् हे मला सांगायचं नाही?

अश्विन: सांगितलं की माणूस मुद्दाम जास्त वापरतो, नाहीतर कमी. चाचणीत सांगत नाहीत.

संघप्रिया: घरातपण काही सांगत नाहीस तू. सगळी चाचणीच चालू असते तुझी.

अश्विन: प्रश्न नऊ.

संघप्रिया: पाच कुठं गेला?

अश्विन: तो बॅटरीचा आहे. सहा, सात, आठ पण तसलेच. प्रश्न नऊ. उजेड लावताना खोलीत दुसरं कोणी झोपलेलं असतं का?

संघप्रिया: हे फॉर्ममध्ये आहे?

अश्विन: आहे.

संघप्रिया: परत वाच.

अश्विन: उजेड लावताना खोलीत दुसरं कोणी झोपलेलं असतं का. हो किंवा नाही.

संघप्रिया: अश्विन, दहा बाय दहाची खोली आहे. एक कॉट मावते. शेजारच्या बाळाबाईंची मांजर येते खिडकीतून, तिला झोपलेली मी कधी बघितली नाही.

अश्विन: म्हणजे नाही.

संघप्रिया: नाही लिही. ठळक लिही.

अश्विन: मग मंद कशाला? मोठा लावायचा ना. कोण उठणार आहे तिथे?

संघप्रिया: हेपण फॉर्ममध्ये आहे?

अश्विन: नाही. हे नाही.

संघप्रिया: लावला होता मोठा. एकदा. सगळी खोली दिसली. एक उशी, एक ताट, भिंतीला आलेली ओल. नको वाटलं. बारीक उजेडात चप्पल दिसते, कुलूप दिसतं, झालं. कॉटची ती बाजू दिसतच नाही. मग वाटतं, आहे कोणी तिकडं. पाय न वाजवता निघावं. ऐकतोयस का?

अश्विन: ऐकतोय.

संघप्रिया: मग पुढचं विचार की.

अश्विन: मी झोपलेला नसायचो.

संघप्रिया: कधी?

अश्विन: नेरूळला. पहाटे साडेतीनला. तू निघायचीस तेव्हा.

संघप्रिया: एखाददिवशी?

अश्विन: रोज. घोरणंपण खोटंच. तू इतकं जपून सगळं करायचीस. डब्याचं झाकण पोटाशी धरून लावायचीस, दाराची कडी दोन्ही हातांनी काढायचीस. मी उठलो असतो तर ते सगळं वाया गेलं असतं. म्हणून पडून राहायचो.

संघप्रिया: सहा महिने?

अश्विन: सहा महिने.

संघप्रिया: अन् मी दारात थांबायची. टॉर्च तुझ्या पायांवर धरून. मार्केटला चारला भाजीच्या गाड्या लागतात, उशीर झाला की बोलणी बसतात, तरी थांबायची. म्हणायची, आज तरी उठेल. उठून नुसतं ‘जाऊन ये’ म्हणेल. संध्याकाळी तुझी मीटिंग, पहाटे माझी ड्यूटी. तेवढाच तर वेळ होता आपल्याकडं.

अश्विन: मला कळलं नाही.

संघप्रिया: मी बॅग घेऊन निघाले, त्या दिवशी?

अश्विन: त्या दिवशीपण जागा होतो.

संघप्रिया: गाढव आहेस तू.

अश्विन: हो.

संघप्रिया: मीपण आहे. एक लाथ घालायला पाहिजे होती कॉटला.

उझमा: अश्विन! पावणेपाच! मेल पाठवतोयस का मी पाठवू?

अश्विन: शेवटचा प्रश्न, मॅडम! दोन मिनिटं!

संघप्रिया: कोण ओरडतंय?

अश्विन: उझमा मॅडम. मालकीण. प्रश्न चौदा. पहिल्या दाबाला कोणता उजेड हवा?

संघप्रिया: तू काय ठरवलंयस?

अश्विन: मी मंद धरून बसलोय. तीन आठवडे भांडतोय त्यासाठी.

संघप्रिया: मोठा लिही.

अश्विन: तू स्वतः तीनशे एकाहत्तर वेळा...

संघप्रिया: फॉर्म माझा आहे ना? लिही. मोठा.

अश्विन: कोणाच्या तरी डोळ्यांवर येईल, संघप्रिया.

संघप्रिया: येऊ दे.