माश्यांचा घाटा अन् आम्ही दोघी

अध्यक्षपदावर बसलेले प्राचार्य पुंडलिकराव सर, प्राणीशास्त्राच्या रजनी मॅडम, मंचावरचे पाव्हणे, अन् जेवनाच्या वासानं माना वळवून राह्यलेल्या पोरीहो, तुम्हा साऱ्याइले कांताबाईचा नमस्कार.

सरांनी माझं इतकं गोड सांगितलं का मले वाटलं, मी मेली का काय. चौथीतून उठलेली बाई मी. बाभुळगावच्या या कॉलेजात अठ्ठावीस वर्सं फळमाश्याइसाठी मक्याच्या पिठाचा, गुळाचा घाटा घोटला. घरी नातवंडायले इतक्या टायमावर जेवू नाही घातलं.

पन एकटीनं नाही. हंसाबाई होती संगं. माश्याइच्या अर्ध्या बाटल्या तिच्या, अर्ध्या माझ्या.

आज एक सांगून टाकते. ज्या साली कापसाले कोनी विचारे ना अन् घरोघरी तो आढ्याले टेकला होता, त्या साली बाटल्याइच्या तोंडाले लावाच्या बोळ्याइचा कापूस सरला. म्या म्हटलं, घरी गंजी पडली, दुकानातून कायले आना? घरच्याच कापसाचे बोळे लावले. फवारा मारलेला कापूस तो. सकाळी माझ्या साऱ्या माश्या उताण्या. हंसाचे बोळे जुने होते, तिच्या वाचल्या. म्हने, "तुयं डोकं बी उतानंच हाय व कांते." अन् आपल्या अर्ध्या माश्या गुपचूप माझ्या नव्या बाटल्याइत सोडल्या. महिन्याभरात फळी भरली. मॅडम, तुम्हाले आज कळून राह्यलं.

मॅडम पोरीइले शिकवत, ते म्या बाटल्या घासता घासता ऐकलं. अळीच्या अंगातच पंखाचं बीज असते. त्यातल्या अर्ध्या पेशी मारल्या, तरी मरता मरता त्या शेजारणीले सांगावा धाडतात, का आता तू वाढ. पंख मापाचाच निघते. बाहेरून कोनाले समजते?

हंसा तापानं गेली, त्याले तीन वर्सं झाली. तिची जागा भरली नाही. दोन्ही फळ्या म्या सांभाळल्या, एक बाटली कमी पडली नाही. म्हनूनच कोनाले समजलं नाही. तिले असा हार नाही भेटला.

सर, आत्ता तुम्ही म्हनले, कांताबाईच्या जागी एक बाई घेऊ. दोन घ्या. शेजारून सांगावा आला नाही का पेशी आपली आपन मरते, हे बी मॅडमच सांगतात. तीन वर्सं त्या खोलीत मी माश्याइसंग बोलली. त्या उत्तर देत नाहीत.

शाल दिली, नारळ दिला, आभार. आधी मी इतकं बोलली का हंसा मागून म्हने, "बस कर व, घाटा बुडाले लागून राह्यला." आज कोनी टोकलं नाही म्हनून लांबलं. कमी-जास्त बोलली असन तं पोटात घाला.