हुंदेच्या घरातली उघडी जमीन

अस्कले : विळा घेऊन गेलात आणि हात हलवत परत आलात? गवत कुठंय?

हुंदे : नाही कापलं.

अस्कले : अहो, बिरातुच्या घरची वडीलधारी माणसं टेकडी उतरायला लागलीत. लेकीला मागणी घालायला आलेल्यांसमोर घरातल्या जमिनीवर हिरवं गवत अंथरलं नाही, तर ते काय समजतील?

हुंदे : नकार. ठाऊक आहे मला.

सीफन : मग मी इथे कॉफीच्या बिया कशाला भाजत बसलेय, आबा?

हुंदे : ऐक तरी, बाई. आपल्या वाट्याच्या गवतात ते तांबड्या मानेचं पाखरू नांदतंय. त्याची मादी अंड्यांवर बसलीय.

अस्कले : झालं! बर्गाच्या दलदलीत गुरं चारण्यात माझा जन्म गेला. त्या पाखराचा आवाज तेवढा ऐकला, पीसही दिसलं नाही कधी. तुम्हाला नेमकं आजच भेटलं?

हुंदे : दिसणार कसं? उडायचं नाव नाही, गवताच्या बुडाबुडानं उंदरासारखं सरकतं. मी गवताची मूठ धरली, विळा लावला, तर पात्यांची टोकं वरून एकमेकांत ओवलेली. छप्परच म्हण ना. खाली ती. माझ्या हातापासून वीतभर, तरी हलली नाही. नुसता गळा धडधडत होता.

सीफन : पलीकडचं कापायचं होतं.

हुंदे : मग घारींना रस्ताच मोकळा. आणि दुसऱ्याच्या वाट्याला विळा कसा लावू?

अस्कले : बरं, मानलं. पण सकाळी गेलेला माणूस आत्ता उगवतो? एवढा वेळ काय करत होतात?

हुंदे : बसलो होतो. जरा लांब, तिला त्रास नको म्हणून.

अस्कले : खरं सांगा.

हुंदे : मनात आलं, बरं झालं. गवत नाही, तर आज ठरणारही नाही. आणखी एक पावसाळा पोरगी घरात राहील.

सीफन : आबा...

हुंदे : तू गेलीस की माझ्याशी बोलणार कोण? तुझी आई नुसती करवादते.

अस्कले : तुम्ही लावता करवादायला. काल तिच्या कपड्यांच्या घड्या घालताना मी एकटीच रडले. सांगितलं का कुणाला?

सीफन : मला जायचंय, आबा. बिरातु मला मनापासून आवडतो. आणि तुम्हाला सोडायचं म्हटलं की पाय निघत नाही. दोन्ही खरं आहे.

हुंदे : कळलंय. म्हणून तर उठून आलो. नाहीतर अजून तिथेच बसलो असतो.

अस्कले : कुंपणाशी आलेत ते. दारातून उघडी जमीन बघतायत. अहो, त्यांच्यातला म्हातारा मागे वळतोय.

हुंदे : पाहुणे, वळू नका! माझ्या गवतात पाखरू अंडी उबवतंय, म्हणून जमीन उघडी आहे. माझ्या मनात नकार नाही. आत या. पोरीचीही इच्छा आहे, माझीही आहे.

(पाहुणे आत येऊन बसतात. कॉफी उकळून तयार होते.)

सीफन : आबा, हा पहिला पेला तुम्ही घ्या.

अस्कले : पाहुण्यांच्या आधी? अगं, काय म्हणतील ती माणसं?

सीफन : म्हणू देत. पुढच्या वेळी या घरात मीच पाहुणी असेन.