आल्टनब्रूक खालसा

(फेब्रुवारी २०२१. डब्लिनजवळचं स्वोर्ड्स. खाडीकाठी फिरायला निघालेले नवरा-बायको.)

स्वरांगी : म्हणजे आपलं सातारा संस्थान खालसा झालं, तसंच?

प्रसन्न : साधारण तसंच. आल्टनब्रूक अगदी चिमुकलं जर्मन संस्थान. ड्यूकचं मूल जन्मताच गेलं. वारस नाही म्हणून शेजारच्या राजाने गिळून टाकलं.

स्वरांगी : आणि त्या ‘असं झालं असतं तर’ लिहिणाऱ्या ऑनलाइन मंडळींसाठी तू हा इतिहास बदलून लिहितोयस. जेवणसुद्धा लॅपटॉपसमोर.

प्रसन्न : एकच गोष्ट बदलायची असते गं. बाकीचं त्यातून आपोआप घडू द्यायचं.

स्वरांगी : काल आई विचारत होती, जावईबापू कसे आहेत. म्हटलं, इथले लोक म्हणतात तसं ग्रँड, एकदम मजेत! जर्मनीत राज्य करतायत.

प्रसन्न : स्वरू...

स्वरांगी : आपलं बाळ गेल्यापासून माझ्याशी धड बोलला नाहीस. त्या ड्यूकशी बरं जमतं.

प्रसन्न : तुला त्रास होईल म्हणून...

स्वरांगी : काय बदललंस ते न वाचता सांगते. त्यांचं बाळ जगवलंस ना? तिकडे दुडूदुडू धावतंय, आणि इथे मी...

प्रसन्न : नाही जगवलं.

स्वरांगी : काय?

प्रसन्न : लिहून बघितलं. हातच चालेना.

स्वरांगी : मग संस्थान?

प्रसन्न : खालसाच होतं. वाचणारे वैतागलेत. म्हणतात, मग बदललंस काय?

स्वरांगी : खरंच, काय बदललंस?

प्रसन्न : गावात देवीची साथ होती. ड्यूक बाहेरून आलेला, म्हणून त्याला वाड्याच्या फाटकाशीच थांबवलं होतं. त्याची बाळंतीण बायको आत एकटी. मी फक्त फाटक उघडलं.

स्वरांगी : थांब. इथे बस जरा.

प्रसन्न : तू सोनोग्राफीला गेलीस त्या दिवशी... कोविडमुळे नवऱ्यांना आत सोडत नव्हते. मी बाहेर गाडीत तुझ्या सीटचा हीटर लावून बसलो होतो. तू आलीस, बसलीस, म्हणालीस, घरी चल. मला काही विचारताच आलं नाही.

स्वरांगी : अजून कुठे विचारलंयस?

प्रसन्न : विचारू?

स्वरांगी : हं.

प्रसन्न : आत... काय झालं, स्वरू?

स्वरांगी : ती बाई आधी छान गप्पा मारत होती. मग एकदम गप्प झाली. नुसतीच ठोके शोधत राहिली. मीच तिला म्हटलं, थांबा जरा, बापावर गेलंय, उठायला वेळ लावतं.